दात काढल्यानंतरची वेदना आणि घरगुती उपचार : खानदेशातील बालसंगोपनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आरोग्याचा इतिहास हा बहुतांशी मृत्यूच्या नोंदींवर उभा राहिलेला इतिहास आहे. देवी, पटकी, प्लेग यांसारख्या साथींची आकडेवारी शासनाने ठेवली, म्हणून त्यांचा इतिहास लिहिला गेला. ज्या दुखण्याने माणूस सहसा मरत नाही, त्याची नोंद दप्तरात होत नाही. दाताचे दुखणे हे अशा दुर्लक्षित दुखण्यांपैकी एक होय. त्यातही रुग्ण लहान मूल असेल, तर नोंदीची शक्यता आणखी कमी होते. कारण मुलाला आपली वेदना नेमक्या शब्दांत सांगता येत नाही आणि त्याच्या रडण्याचा अर्थ प्रौढांनाच लावावा लागतो.

दात काढणे ही काही क्षणांची क्रिया असते. त्यानंतरचे दोन-तीन दिवस मात्र मूल घरात असते. रक्त थांबवणे, ठणका कमी करणे, त्याला काही खाऊ घालणे आणि रात्री झोपवणे ही कामे घरातील स्त्रियांकडे येत. तुरटी, मीठ, हळद, लवंग, बाभळीची साल ही या कामाची साधने होती. ज्याला आज 'नैसर्गिक उपचार' असे नाव देण्यात येते, त्याचा इतिहास या साधनांमध्ये आहे. परंतु याच कपाटात अफूची गोळी आणि मिश्रीची डबीही होती, हे विसरून चालणार नाही. वेदना शमवणारे औषध आणि मुलाला केवळ गप्प करणारे औषध यांतील फरक हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) दात काढल्यानंतरच्या उपचारांसंबंधी प्राचीन वैद्यक ग्रंथांतील विचारांचा आढावा घेणे.
२) खानदेशातील घरगुती औषधांचे स्वरूप आणि त्यांचे उगमस्थान तपासणे.
३) बालकांच्या वेदनेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
४) या उपचारांचे आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे मूल्यमापन करणे.

व्याप्ती व संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. १८१८ मध्ये मराठी सत्तेच्या अस्तानंतर ब्रिटिश अमलाखाली आलेल्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. पुढे हेच जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तापीचे खोरे, सातपुड्याच्या रांगा, अहिराणी बोलणारी गावे आणि भिल्ल, पावरा आदी आदिवासींच्या वस्त्या मिळून हा प्रदेश एक सांस्कृतिक घटक ठरतो. जे उपचार खानदेशाबरोबरच उर्वरित महाराष्ट्रातही प्रचलित होते, त्यांचा विचार त्या व्यापक संदर्भात करण्यात आला आहे.

१. ग्रंथपरंपरेतील दंतोपचार

सुश्रुतसंहितेत मुखरोगांचे सविस्तर वर्गीकरण आढळते. शस्त्रकर्माच्या आठ प्रकारांपैकी 'आहार्य' म्हणजे ओढून बाहेर काढण्याची क्रिया होय. हलणारा दात काढल्यानंतर काय करावे, याचे मार्गदर्शन चिकित्सास्थानात आहे. दात काढून ती जागा डागावी आणि नंतर विदारीकंद, ज्येष्ठमध, शिंगाडा व कसेरू ही द्रव्ये घालून दहापट दुधात सिद्ध केलेल्या तेलाचे नस्य द्यावे, असे तेथे सांगितले आहे. यातील डागणे ही क्रिया रक्तस्राव थांबवण्यासाठी, तर उर्वरित शीत व स्निग्ध द्रव्ये दाह शमवण्यासाठी योजलेली दिसतात. म्हणजेच दात बाहेर आला की वैद्याचे काम संपले, असे सुश्रुताने मानलेले नाही.

याच प्रकरणातील एक इशारा विशेष लक्षणीय आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण अतिरक्तस्रावामुळे दृष्टी जाणे, तोंड वाकडे होणे असे गंभीर उपद्रव संभवतात, असे सुश्रुत बजावतो. त्यामागील शारीरिक उपपत्ती आज ग्राह्य नाही. तथापि दात काढण्याची भीती निराधार नव्हती, हे त्यातून समजते. दंतरोग्याने आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, दातवण आणि फार कठीण पदार्थ वर्ज्य करावेत, हे पथ्यही तेथेच दिलेले आहे. त्यातील थंड पाणी वगळता उरलेले पथ्य आजच्या दंतवैद्याच्या सूचनांशी बरेचसे जुळते.

बालकांच्या दातांचा स्वतंत्र विचार काश्यपसंहितेच्या 'दंतजन्मिक' अध्यायात येतो. बत्तीस दातांपैकी आठ दात एकदाच उगवतात व शेष 'द्विज' म्हणजे दोनदा जन्मणारे असतात, हे निरीक्षण तेथे नोंदवलेले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दात येण्याच्या काळातील विकारांची चर्चा केली असून, अशा वेळी बालकाला उपचारांनी फार जखडू नये, दात आल्यावर हे त्रास आपोआप शमतात, असा अभिप्राय दिला आहे. हा विचार दात येण्यासंबंधीचा आहे, दात काढण्यासंबंधीचा नव्हे. तरीही बालकावर उपचारांचा अतिरेक करू नये, हे त्यातील तत्त्व पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

२. दात काढणारे आणि मूल सांभाळणाऱ्या

ग्रंथातील वैद्य आणि गावातील दात काढणारा माणूस यांत मोठे अंतर होते. शस्त्रकर्माची ग्रंथोक्त परंपरा क्षीण झाल्यानंतर दात काढण्याचे काम गावोगाव न्हाव्याकडे, भटक्या वैदूंकडे आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या दातवाल्यांकडे गेले. वैदू हे जडीबुटी विकत, तुंबडी लावत आणि दुखरा दातही काढून देत. युरोपातही शस्त्रवैद्य आणि नाभिक यांचे व्यवसाय दीर्घकाळ एकत्रच होते. त्यामुळे ही परिस्थिती केवळ भारतीय मागासलेपणाचे लक्षण होते, असे म्हणता येत नाही.

मुलांच्या बाबतीत या प्रसंगाचे दोन प्रकार होते. दुधाचा दात हलू लागला की तो बोटाने किंवा दोरा बांधून घरीच काढला जाई. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकण्याची किंवा उंदराकडे त्याच्यासारखा बळकट दात मागण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक घरांत होती. या खेळकर विधीमुळे मुलाचे लक्ष वेदनेकडून दुसरीकडे वळे. याउलट किडलेली, मुळे घट्ट असलेली दाढ काढावी लागली, तर भूल नसलेल्या काळात ती मुलासाठी मोठी यातना असे. दाढ काढणारा आपला मोबदला घेऊन पुढच्या गावी जाई आणि मूल आई किंवा आजीच्या स्वाधीन होई.

येथे श्रमविभागणी स्पष्ट दिसते. दात काढणे हे पुरुषाचे, मोबदल्याचे आणि चारचौघांत होणारे काम होते. त्यानंतरची शुश्रूषा हे स्त्रीचे, विनामूल्य आणि घराच्या आत होणारे काम होते. पहिल्याचे वर्णन प्रवासी, अधिकारी व डॉक्टर करू शकले. दुसऱ्याचे ज्ञान आजीकडून आईकडे व आईकडून मुलीकडे तोंडीच गेले. 'आजीबाईचा बटवा' हा शब्दप्रयोग आज कौतुकाने वापरला जातो; परंतु त्या बटव्यामागे रात्रभर मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या स्त्रीचे श्रम होते, याची दखल क्वचितच घेतली जाते.

या ज्ञानाला मुद्रित रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ मराठी घरांत वनस्पतींच्या गुणधर्मांचा संदर्भ म्हणून दीर्घकाळ वापरला गेला. पदे यांच्याच पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद संमेलन भरले. मात्र घरातील तोंडी ज्ञान छापील पुस्तकात आले, तेव्हा त्यावर ग्रंथकर्त्याचे नाव लागले आणि ते ज्ञान जपणाऱ्या स्त्रिया अनामिकच राहिल्या.

३. घरगुती औषधे : कार्य आणि उगम

दात काढल्यानंतरच्या उपचारांत तीन गरजा असतात : रक्त थांबवणे, वेदना कमी करणे आणि जखम स्वच्छ ठेवणे. घरगुती औषधांची विभागणी या तीन गरजांनुसार करता येते.

रक्त थांबवण्यासाठी तुरटीची पूड, बाभळीच्या सालीचा काढा किंवा हळद यांचा उपयोग केला जाई. बाभूळ हे खानदेशातील शेताच्या बांधांवर व नाल्यांच्या काठी सहज मिळणारे झाड आहे. तिच्या सालीत टॅनिन असल्याने ऊतींचे आकुंचन होते. तुरटीचे कार्यही याच प्रकारचे आहे. परंतु या सर्वांत अधिक परिणामकारक साधन बहुधा औषध नव्हतेच. ते होते जखमेवर ठेवून दातांखाली घट्ट दाबून धरलेला कापसाचा बोळा. खानदेश हा कापसाचा प्रदेश असल्याने हे साधन घरोघरी उपलब्ध होते. आजचा दंतवैद्यही दात काढल्यावर निर्जंतुक कापडाची घडी चावून धरण्यास सांगतो. दाबामुळे जखमेच्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच पुढे जखम भरून येण्याचा पाया ठरते. बोळ्याला लावलेल्या तुरटीला किंवा हळदीला जे श्रेय मिळाले, त्यातील बराचसा वाटा वस्तुतः या दाबाचा असला पाहिजे.

वेदनेसाठी लवंग हे सर्वांत प्रसिद्ध औषध होय. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य स्थानिक बधिरता आणते. आधुनिक दंतवैद्यकानेही ते स्वीकारले असून झिंक ऑक्साइडबरोबर केलेले त्याचे मिश्रण दातात भरण्यासाठी वापरले जाते. अक्कलकारा चघळल्याने तोंडाला मुंग्या येऊन लाळ सुटते व काही काळ ठणका जाणवत नाही. भुईरिंगणीच्या बियांची धुरी हा तिसरा उपाय. निखाऱ्यावर बिया टाकून त्यांचा धूर नळीने दुखऱ्या दाढेकडे नेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी औषधिग्रंथांनीही या धुरीची दखल घेतली असून भरपूर लाळ सुटल्याने आराम पडत असावा, अशी उपपत्ती मांडली आहे.

या धुरीचा संबंध दाताच्या किड्याच्या कल्पनेशी आहे. आयुर्वेदातील 'कृमिदंत' ही संज्ञा आणि मराठीतील 'दाताला कीड लागणे' हा शब्दप्रयोग एकाच समजुतीचे वारस आहेत. धुरी दिल्यावर 'पडलेले किडे' दाखवण्यात येत. जाळलेल्या बियांतून बाहेर पडणारे अंकुर पांढऱ्या अळीसारखे दिसतात आणि युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांच्या धुरीबाबत हेच घडत असे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ मध्ये दंतकृमीची कल्पना नाकारली आणि १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी तोंडातील जिवाणू शर्करेपासून आम्ल तयार करतात व त्यामुळे दात किडतो, हे प्रतिपादन केले. मुलाच्या दृष्टीने मात्र 'किडा पडला' हे आश्वासन कदाचित धुरीइतकेच दिलासा देणारे असावे.

जखम स्वच्छ ठेवण्यासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सर्वत्र प्रचलित होत्या. कडुनिंब, करंज, बाभूळ यांच्या काड्यांचे दातवण हा रोजचा परिपाठ होता. दात काढल्यावर काही दिवस तो थांबवला जाई. आहारात ज्वारीची भाकरी, ठेचा, शेवभाजी हे खानदेशी तिखट पदार्थ बाजूला ठेवून दूधभात, मुगाची मऊ खिचडी किंवा कुस्करलेले केळे देणे हे स्वाभाविक होते.

या औषधांच्या उगमाचा विचार केल्यास आणखी एक बाब स्पष्ट होते. 'नैसर्गिक' म्हणजे 'स्थानिक' असे सर्रास गृहीत धरले जाते. बाभूळ, कडुनिंब, करंज, भुईरिंगणी ही खानदेशच्या मातीतील झाडे-झुडपे आहेत; पण लवंग मुळात मलुकू बेटांवरची आहे आणि अस्सल अक्कलकारा उत्तर आफ्रिकेकडून येत असे. मीठ समुद्रकिनाऱ्याकडून येई. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मध्ययुगीन व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या गावांवरून जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने या मार्गाचे टप्पे नोंदवले आहेत. आजीच्या बटव्यातील लवंग ही अशा दूरच्या व्यापाराची देणगी आहे. घरगुती वैद्यक हे बंदिस्त व अपरिवर्तनीय नव्हते. बाजारात जे नवे मिळाले, ते पारखून त्याने आपलेसे केले.

४. वेदनाशमन की शांतता?

आतापर्यंतचे उपचार वेदनेच्या जागी काम करणारे होते. दुसऱ्या गटातील द्रव्ये मुलाच्या जाणिवेवरच काम करत. यात अफू प्रमुख होती. खानदेशाच्या उत्तरेचा माळवा हा अफूच्या उत्पादनाचा प्रसिद्ध प्रदेश. अफू ही खरोखरच प्रभावी वेदनाशामक आहे. मॉर्फिन तिच्यातूनच मिळते. म्हणूनच ती धोकादायकही आहे. लहान मुलाच्या श्वसनावर तिचा परिणाम प्रौढांपेक्षा तीव्र होतो आणि घरगुती गोळीत तिचे प्रमाण निश्चित नसते.

मुंबई इलाख्यात तान्ह्या मुलांना 'बाळगोळी'च्या रूपाने अफू देण्याची चाल होती. १८९३ ते १८९५ या काळातील राजकीय अफू आयोगापुढे मुलांना अफू देण्याविषयी साक्षी झाल्या आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या राजकीय श्रम आयोगानेही कामगार स्त्रियांच्या मुलांना अफू दिली जाण्याची दखल घेतली. दात येताना, पोट दुखताना किंवा केवळ रडू नये म्हणून ही गोळी दिली जाई. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दाढदुखीतही हेच साधन हाताशी असे.

या प्रथेचा दोष केवळ आईच्या अज्ञानावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. खानदेशातील कापसाच्या जिनिंग कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. १८८० च्या दशकात मुंबई इलाख्यातील कारखान्यांची चौकशी झाली, तेव्हा खानदेशातील जिनिंग कारखान्यांमधील पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कामाच्या साक्षी विशेष गाजल्या. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाच्या वेळेवर मर्यादा घातली. जिला अठरा-अठरा तास सरकीच्या धुळीत उभे राहावे लागते, तिच्यासाठी रडणारे मूल हा रोजगाराचा प्रश्न बनतो. अशा परिस्थितीत मुलाची शांतता ही कुटुंबाच्या उदरनिर्वाहाची अट होती आणि अफूने ती शांतता विकत मिळत होती. मुलाची वेदना किती, यापेक्षा त्याचे गप्प राहणे किती आवश्यक, या निकषावर औषध ठरत होते.

मिश्रीचे स्वरूप थोडे वेगळे आहे. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घासण्यासाठी महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांमध्ये रूढ झाली. हिरडी दुखत असेल तर मिश्री लावावी, या सल्ल्यातून अनेकांचा तंबाखूशी पहिला परिचय झाला. निकोटीनमुळे येणारी तात्पुरती बधिरता हा आराम वाटतो आणि त्यातून व्यसन जडते. दुखऱ्या दाढेसाठी मुलाच्या हिरडीवर मिश्री फिरवणे म्हणजे एका दिवसाच्या वेदनेच्या बदल्यात आयुष्यभराचा धोका देणे होय.

रुईचा चीक हा तिसरा प्रकार. किडलेल्या दाताच्या खळग्यात सप्तपर्ण व रुईचा चीक भरण्याचा उल्लेख वाग्भटाकडे आहे आणि लोकवैद्यकातही तो टिकून राहिला. हा चीक दाहक असून तोंडातील नाजूक त्वचेला भाजतो. मोगली एरंडाचा चीक हिरड्यांतून येणारे रक्त थांबवण्यासाठी वापरतात. परंतु त्याच झाडाच्या बिया खाल्ल्याने मुलांना विषबाधा होण्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडलेल्या आहेत. वनस्पतिजन्य असणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे या उदाहरणांवरून सिद्ध होते.

५. भूल, दवाखाना आणि कायदा

होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडचा आणि विल्यम मॉर्टन याने १८४६ मध्ये इथरचा उपयोग केला. म्हणजे शस्त्रक्रियेतील भुलेचा प्रारंभ दात काढण्याच्या वेदनेतूनच झाला. १८४७ मध्ये भारतातही इथर वापरले गेले. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे की नाही, यावर १८८८ व १८८९ मध्ये हैदराबाद येथे दोन आयोग नेमले गेले. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनची स्थानिक बधिरता दाखवली; १९०५ च्या सुमारास प्रोकेन आणि १९४० च्या दशकात लिग्नोकेन आले. येथे एक लक्षणीय साम्य आहे. कोकेन हेही एका वनस्पतीच्या पानातून मिळालेले द्रव्य होते. 'नैसर्गिक' आणि 'आधुनिक' यांतील सीमारेषा प्रचारात दिसते तितकी स्पष्ट इतिहासात नाही.

या शोधांचा लाभ खानदेशातील मुलापर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुळ्याला नागरी रुग्णालय व मोठ्या गावांत दवाखाने सुरू झाले. परंतु तेथे दाताचा स्वतंत्र डॉक्टर नसे. भारतात दंतवैद्यकाचे शिक्षणच १९२० मध्ये कलकत्ता येथे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढलेल्या महाविद्यालयापासून सुरू झाले आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये आले. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. पदवी नसलेल्या पण काही वर्षे व्यवसाय करणाऱ्यांनाही स्वतंत्र विभागात नोंदणीची मुभा देण्यात आली. बाजारातील दातवाला एका कायद्याने नाहीसा झाला नाही, हेच यातून ध्वनित होते. पुढे धुळे येथे दंत महाविद्यालय स्थापन झाल्याने हे शिक्षण व उपचार जिल्ह्यातच उपलब्ध झाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या तपासणीत दंतविकारांचाही समावेश करण्यात आला.

आधुनिक वैद्यकाने तरी मुलाची वेदना गांभीर्याने घेतली होती काय? याचे उत्तर पूर्णतः होकारार्थी देता येत नाही. अर्भकांना वेदना जाणवत नाहीत किंवा त्या आठवत नाहीत, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यक व्यवसायात प्रचलित होती आणि त्यामुळे नवजात बालकांवर अपुऱ्या भुलेखाली शस्त्रक्रिया केल्या जात. १९८७ मध्ये भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद आणि पी. आर. हिकी यांच्या लेखाने या समजुतीला निर्णायक धक्का दिला. त्यानंतर मुलांची वेदना मोजण्यासाठी चेहऱ्यांच्या चित्रांसारख्या मापनपट्ट्या अधिकाधिक वापरात आल्या. मुलाला विचारून औषध ठरवावे, हा विचार वैद्यकातही अलीकडचाच आहे.

आधुनिक औषधेही निर्दोष नव्हती. १८९९ पासून विक्रीस आलेले ॲस्पिरिन मुलांना सर्रास दिले जाई. विषाणुजन्य तापात त्याचा संबंध रे सिंड्रोम या गंभीर विकाराशी जोडला गेल्यावर त्याचा वापर थांबवण्याचा सल्ला देण्यात आला. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ मध्ये बंदी घालण्यात आली. तथापि एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. या औषधांचे दुष्परिणाम नोंदवले गेले, त्यांवर चर्चा झाली व वापर बदलला. घरगुती उपचारांच्या यशाच्या कथा सांगितल्या गेल्या. अपयश मात्र त्या-त्या घरातच राहिले.

६. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात मूल्यमापन

दात काढल्यानंतर बोळा दाबून धरणे, बाहेरून गालावर थंड पट्टी ठेवणे, मऊ अन्न देणे आणि विश्रांती या गोष्टींना आजही मान्यता आहे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या उपयुक्त असल्या तरी त्या पहिल्या दिवशी करू नयेत. जोराने चूळ भरल्यास गुठळी निघून जाते व पुन्हा रक्त येऊ लागते. ज्या मुलाला पाणी थुंकता येत नाही, त्याला गुळण्या देणे योग्य नाही. स्थानिक बधिरतेमुळे मूल नकळत स्वतःचा ओठ वा गाल चावते; हा धोका जुन्या काळी नव्हता, त्यामुळे त्यावर बटव्यात उपाय नाही. म्हणून बधिरता जाईपर्यंत मुलावर लक्ष ठेवावे लागते.

लवंगेबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. अखंड लवंग दाढेखाली धरणे आणि बाटलीतील लवंगतेल वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेलात युजेनॉलचे प्रमाण अत्यंत जास्त असते. ते ताज्या जखमेवर लावल्यास भाजते आणि लहान मुलाच्या पोटात काही मिलिलिटर गेल्यास झटके, बेशुद्धी व यकृताची हानी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. परंपरेतील द्रव्य तेच राहिले, पण त्याचे रूप व मात्रा बदलली आणि त्याबरोबर धोकाही बदलला. परंपरेचा दाखला देताना हा बदल दुर्लक्षिला जातो. मध एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, हाही असाच अलीकडच्या ज्ञानाने घालून दिलेला नियम आहे.

बहुतेक मुलांना दुधाचा दात काढल्यानंतर एक-दोन दिवसांपेक्षा अधिक वेदना होत नाहीत आणि वजनानुसार दिलेले पॅरासिटामॉल सहसा पुरेसे ठरते. वेदना तिसऱ्या दिवशी वाढली, सूज किंवा ताप आला, अथवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर घरगुती उपाय लांबवणे धोक्याचे असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून दंतवैद्यापर्यंत पोहोचण्यास एक दिवसाची मजुरी व प्रवासखर्च लागतो, तेव्हा हा निर्णय पुढे ढकलला जातो. अशा कुटुंबात घरगुती उपचार ही आवड नसून अगतिकता असते. 'निसर्गाकडे परत' जाण्याचा शहरी पर्याय आणि दवाखाना परवडत नाही म्हणून केलेला उपाय हे दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात, ही आजची मोठी गल्लत आहे.

निष्कर्ष

१) दात काढल्यानंतरच्या शुश्रूषेचा विचार सुश्रुतापासून आढळतो, परंतु व्यवहारात ही जबाबदारी घरातील स्त्रियांवर राहिली आणि त्यामुळे ती लिखित इतिहासात दुर्लक्षित झाली.

२) खानदेशातील घरगुती औषधांत स्थानिक वनस्पतींबरोबरच दूरच्या व्यापारातून आलेली द्रव्येही होती. ही परंपरा स्थिर नव्हती. नवे स्वीकारण्याची वृत्ती तिच्यात होती.

३) 'नैसर्गिक उपचार' या एकाच संज्ञेत दोन भिन्न प्रवृत्ती दडलेल्या आहेत. कापसाचा बोळा, मीठ, बाभूळ, मऊ अन्न यांनी मुलाची वेदना हलकी केली. अफू व मिश्री यांनी मुलाला गप्प केले. उपचाराची परीक्षा तो वनस्पतीपासून आला की कारखान्यातून, यावर नव्हे, तर तो यांपैकी कोणत्या प्रवृत्तीचा आहे, यावर व्हावयास हवी.

४) मुलाला गप्प करणाऱ्या औषधांचा प्रसार दीर्घ कामाच्या वेळा, दारिद्र्य आणि आरोग्यसेवेचा अभाव यांच्याशी निगडित होता. आईला वेळ व गावाला दंतवैद्य मिळाल्याखेरीज केवळ प्रबोधनाने अशा प्रथा थांबत नाहीत.

५) बालकावर उपचारांचा भार टाकू नये, हा वाग्भटाचा संयम आणि बालकाच्या वेदनेची दखल घ्यावी, हा आधुनिक वैद्यकाचा आग्रह परस्परविरोधी नाहीत. दोहोंचा केंद्रबिंदू मूलच आहे. खानदेशातील आजीबाईच्या बटव्यातील जे या कसोटीला उतरते ते जपावे आणि जे उतरत नाही ते परंपरेच्या नावाखाली पुढे नेऊ नये, असाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.